तिसऱ्या हिवाळ्याचा रकाना

"मानेकडून, बाबा. शेपटीकडून नाही," तागालिक म्हणाली. "आणि सुरी ओढायची नाही, डोलवायची. पुन्हा करा. घाई नाही, तळं काही पळून जात नाही."

स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता आणि पुठ्ठ्यावर सकाळीच आणलेला इकालुक मासा पडला होता, गोठून काठीसारखा कडक, आत लालबुंद. एका बाजूला पाय लांब करून बहात्तर वर्षांची तागालिक बसली होती. दुसऱ्या बाजूला तिचे बाबा. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, वय वर्षं सात.

"डोलवतेच आहे की, लेकी," कौताक म्हणाली आणि अर्धचंद्रासारखी सुरी दोन्ही हातांनी धरून तिनं माशाच्या मानेवर टेकवली.

सात वर्षांपूर्वी तागालिकचे वडील, म्हातारे कौताक, गेले आणि तीन आठवड्यांनी तिच्या लेकीला, लीटियाला, मुलगी झाली. नाव शोधायचा प्रश्नच नव्हता. नाव आलं तसं नातंही आलं. तागालिक आपल्या नातीला बाबा म्हणू लागली, तिचा मुलगा मोसेसी आणि लीटिया आजोबा म्हणू लागले, आणि बोलायला लागल्यावर कौताक आजीला लेकी म्हणू लागली. आईला मात्र ती आईच म्हणायची, आणि मोसेसीला मामा. भूक लागली की नात उपयोगाची नसते, आई लागते, हे तिला लवकर कळलं होतं.

दार उघडलं. थंडीचा एक लोट आत आला आणि त्याच्यामागून मोसेसी. मिशीवर बर्फ, अंगाला जाळ्याचा वास. तो बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"आजोबा," तो कौताकला म्हणाला, "तुमच्या नातीला सांगा, विमान उतरलं. पाहुणी तिकडे वाऱ्यात उभी आहे. कुणी आणायला जाणार आहे का?"

आतल्या खोलीतून लीटियाचा आवाज आला, "आजोबा, तुमच्या नातवाला सांगा, नात कधीची कपडे चढवून बसली आहे. स्नोमोबाइलची किल्ली त्याच्याच खिशात आहे."

कौताकनं सुरी खाली ठेवली, उठून मोसेसीपुढे तळहात पसरला आणि म्हणाली, "किल्ली."

चार दिवस हे असंच चाललं होतं. एका कागदावरून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं होतं, आणि मधल्यामध्ये कौताकचं जेवण थंड होत होतं.

लीटिया गेली. स्नोमोबाइलचा आवाज शाळेच्या वळणाला विरला तशी तागालिकनं चहाचा पेला मुलापुढे सरकवला.

"सही कर, मोसेसी."

मोसेसीनं नाक मुरडलं. या घरात नाही म्हणायला तेवढं पुरायचं.

"नाक सरळ करून बोल."

"काय बोलू, आई? पाच वर्षं, दर हिवाळ्याला तेवढेच मासे, असं तिनं लिहून दिलंय. पाचही वर्षं. तिसऱ्यालासुद्धा. मला दाखवलं नाही, विचारलं नाही. नगर कचेरीत यंत्रातून कागद निघताना माझ्या नजरेला पडला म्हणून कळलं."

"लिहिलं तर लिहिलं. कागदावरचे आकडे तळ्याला वाचता येतात का?"

"सरकारला येतात." त्यानं चहा फुंकला. "पैसे घेतले की ते मासे मागणार. मासळीघर बांधून देणार, थंड करायची यंत्रं देणार, आणि तिसऱ्या हिवाळ्यात विचारणार, कुठं आहेत मासे? सरकार म्हणजे शेजारचा पालुक नाही, आज नाही म्हटलं तर चहा पिऊन घरी जाणारा."

"आणि नाही आले पैसे तर?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. लीटियाचा नवरा नोआ, खाणीतलं काम सुटल्यापासून ऑटावाला गोदामात सामान हलवत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. वस्तीत मासळीघर झालं तर यंत्रं सांभाळायला तो परत येणार होता. नाही झालं तर ऑगस्टमध्ये लीटिया त्याच्याकडे जाणार, आणि लीटिया गेली की कौताकही जाणार.

तागालिकनं आवाज खाली आणला. कौताक पुठ्ठ्याशी परत जाऊन माशाशी झटत होती, पण तिचे कान मोठे होते. "एकदा मी बाबांना पोचवून आले, मोसेसी. टेकडीवर, दगडांखाली. आता पुन्हा विमानात बसवून पोचवू?"

"आणि बाबांना ठेवून घ्यायला बाबांचाच शब्द मोडायचा?"

हा प्रश्न तिनं स्वतःला चार रात्री विचारला होता. म्हणूनच तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला राग आला.

"तुझ्या जिभेला काटा आहे," ती म्हणाली. "तुझ्या बापासारखा."

"जमलं!" कौताक ओरडली. माशाचं डोकं वेगळं होऊन पुठ्ठ्यावरून घरंगळत मोसेसीच्या बुटाशी गेलं होतं.

* * *

बूशारबाई उत्तरेच्या विकासाच्या सरकारी खात्यातल्या. दोन वर्षं त्या अशा वस्त्या हिंडत होत्या, त्यामुळे बूट दारात काढायचे, चहाला नाही म्हणायचं नाही आणि गप्प बसलेल्या माणसाला घाईनं प्रश्न विचारायचा नाही, एवढं त्यांना जमत होतं. खुर्चीवर न बसता त्या पुठ्ठ्याशी जमिनीवर बसल्या. गोठलेल्या माशाचा पातळ काप त्यांनी सोया सॉसमध्ये बुडवून खाल्ला, तेव्हा कौताकनं त्यांच्याकडे जरा आदरानं पाहिलं.

त्यांचं बोलणं लीटिया आपल्या भाषेत सांगत होती आणि घरच्यांचं त्यांना. तागालिकला इंग्रजी अगदीच कळत नव्हतं असं नाही. दुकानातलं, दवाखान्यातलं कळायचं. पण ते कुणाला माहीत असण्याची गरज नाही, असं तिचं मत होतं.

"बातमी चांगली आहे," लीटियानं सांगितलं. तिचे गाल थंडीनं आणि आशेनं लाल झाले होते. "आपला अर्ज वरच्या यादीत आहे. उद्याच्या विमानानं बाई कागद घेऊन जाणार. शुक्रवारी मुदत संपते. फक्त दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक म्हणजे..." तिनं भावाकडे न बघता कौताककडे बघितलं, "तळ्यावर जाळं टाकणाऱ्याची सही, आजोबा."

मोसेसी खिडकीशी उभा राहून दाढी खाजवत होता.

"आणि दुसरी?" तागालिकनं विचारलं.

बूशारबाईंनी पिशवीतून कागदांची चळत काढली, एक पान वर ठेवलं आणि हसून काहीतरी विचारलं. लीटिया ऐकत होती. तिच्या भुवया जवळ आल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, भागीदारांच्या यादीत चार नावं आहेत. तू, मी, मोसेसी आणि कौताक. तर कौताकची जन्मतारीख चुकली आहे का?"

"का? कोणती लिहिलीस?"

"तीच. सात वर्षांपूर्वीची."

"मग बरोबर आहे की."

लीटियानं ते सांगितलं. बूशारबाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग लीटियाकडे. "म्हणजे श्री. कौताक सात वर्षांचे आहेत?"

कौताकनं दोन्ही भुवया उंच केल्या. तिच्या मानानं हो म्हणून झालं होतं, पण बाई अजून वाट बघत होत्या, म्हणून ती शाळेतल्या इंग्रजीत स्पष्टपणे म्हणाली, "मी. सात."

मोसेसीला हसू आलं. ते लपवायला तो खिडकीकडे वळला, पण त्याचे खांदे हलत होते.

"अगं, तू लिहिलंस तरी काय?" तागालिकनं लेकीला विचारलं.

"तूच तर सांगितलंस!" लीटिया म्हणाली. "मी कचेरीतून फोन केला होता, आठवतं? अर्जात विचारलं होतं, त्या जागेबद्दल कुटुंबात शेवटचा शब्द कुणाचा. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, बाबांचा, आणखी कुणाचा? मी लिहिलं, कौताक. पुढे वय विचारलं होतं, ते लिहिलं. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही."

तागालिकलाही वाटलं नसतं. त्या दिवशी ती कौताकच्या पार्क्याला, टोपीच्या हिवाळी कोटाला, कोल्ह्याच्या केसांची कड शिवत होती आणि फोन खांद्याला लावून बोलली होती. तळ्यावर शब्द बाबांचा. यात विचार करण्यासारखं काय होतं?

तिनं बाईंना समजावून सांगायचं ठरवलं. लहान मुलांना समजावते तसं, एकेक पायरी. माझे वडील गेले. मग ही आली. नाव हिच्याकडे आलं. नाव म्हणजे हाक मारायची सोय नाही, नावाबरोबर माणूस येतो, त्याची नाती येतात, त्याच्या आवडीनिवडीही येतात. हिला माशाचे गाल आवडतात. त्यांनाही आवडायचे. ही मला लेकी म्हणते. मी काही वेडी नाही, ही लहान आहे हे मला दिसतं, हिचं नाक मीच पुसते. पण ही माझे बाबा आहे.

बूशारबाई लीटियाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मध्ये त्यांनी पेन खाली ठेवलं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "खरंच समजलं. पण ऑटावात बसलेल्या माणसाला एवढंच दिसेल की सात वर्षांची मुलगी भागीदार आहे. अर्ज तिथेच थांबेल. कायद्यानं ते नाव राहू शकत नाही. मी नवं पान भरायला लावत नाही. फक्त या नावावर एक रेघ मारा आणि बाजूला तुमची सही करा. मुख्य अर्जदार तुम्ही आहात."

लीटियानं ते आईला सांगितलं तेव्हा तिचा आवाज फार हळू होता.

पान तागालिकच्या मांडीवर आलं. अर्ज दोन्ही लिप्यांत होता. इंग्रजी अक्षरांखाली तिची स्वतःची अक्षरं होती, त्रिकोण, गळासारखे बाक, वळसे. ती अक्षरं तिला बाबांनी शिकवली होती, तंबूसमोरच्या बर्फावर भाल्याच्या दांड्यानं एकेक काढून. चुकलं की ते पायानं पुसायचे आणि म्हणायचे, पुन्हा. घाई नाही. त्याच अक्षरांत इथे त्यांचं नाव होतं.

तिनं पेन उचललं. एक रेघ, एवढंच तर. आकड्यांचं ती चार दिवस आपल्या मनाला पटवत आली होती. तळ्याला वाचता येत नाही, बाबा आता दगडांखाली आहेत, आणि मूल घरात राहिलं पाहिजे. पण आकड्यांत बाबा कुठे दिसत नव्हते. इथे दिसत होते.

तिचा हात तसाच राहिला.

"आई?" लीटिया म्हणाली.

"थांब जरा. डोळे पाणावलेत. वारा आहे." घराच्या खिडक्या बंद होत्या.

बूशारबाईंना वाटलं, थोडा वेळ द्यावा. त्यांनी दुसरं पान काढलं, जिथे मोसेसीची सही हवी होती, आणि ते पुठ्ठ्याच्या कडेला ठेवलं. कौताक त्याच्यावर वाकली. अक्षरांपेक्षा तिला आकडे जास्त आवडायचे. शाळेत नुकतेच शंभराच्या पुढचे सुरू झाले होते.

तिनं माशानं माखलेलं बोट रकान्यांवरून नेलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही सारखेच आहेत." बोट परत मागे आलं आणि तिसऱ्यावर थांबलं. "मामा, हा तिसरा हिवाळा आहे?"

मोसेसी खिडकीपासून वळला. त्यानं भुवया उंचावल्या.

"पण मी तर तिसऱ्याला नाही म्हणाले होते," कौताक म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण सांगितलेलं कुणी विसरलं तर मूल आठवण करून देतं, तसं ती बोलली. ही गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. तुम्हीच म्हणालात, दोन हिवाळे घ्या, तिसऱ्याला तळं सोडा. तुम्हीच जाळं गुंडाळून ठेवलंत. मग ती नाही म्हणाली होतीच.

किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

"काय म्हणाली ती?" बूशारबाईंनी विचारलं.

तागालिकनं लेकीकडे पाहिलं. आता सगळं लीटियाच्या जिभेवर होतं. ती म्हणू शकली असती, पोरगी आकडे मोजतेय. बाई हसल्या असत्या आणि पान पुढे सरकलं असतं. लीटियानं ओठ दाबले. तिची नजर दाराजवळच्या खिळ्याकडे गेली. तिथे नोआचा हिवाळी कोट वर्षभर तसाच टांगलेला होता.

मग तिनं सांगितलं. तागालिकला दुकानातलं आणि दवाखान्यातलं इंग्रजी कळत होतं, आणि त्यात तीन हा आकडा होता, नाही हा शब्द होता आणि आजोबाही होते. लीटियानं काही गाळलं नाही.

"का?" बूशारबाईंनी विचारलं, पण लीटियाला नाही. त्यांनी तागालिककडे पाहिलं.

"मी सहा वर्षांची होते," तागालिक म्हणाली. "लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही याच वरच्या तळ्यावर जाळी टाकली. मासे येत होते, मग का नाही टाकायची? चौथ्या हिवाळ्यात जे आले त्यांचं नुसतं डोकं मोठं, अंग नाहीच. हा मासा सावकाश वाढतो, बाई. आम्हाला तेव्हा कळलं. माझ्या पाठचा भाऊ होता, दोन वर्षांचा. त्या वर्षीचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही. त्यानंतर बाबांनी ठरवलं, तिसऱ्याला तळं सोडायचं. आज सहासष्ट वर्षं झाली, कुणी मोडलं नाही." तिनं श्वास घेतला. "मी मोडणार होते. माझ्या मुलाला सही कर म्हणून सांगत होते. हे पण सांग तिला, लीटिया."

"आई, ते कशाला..."

"सांग."

लीटियानं सांगितलं. सांगताना तिनं एक शब्द बदलला, हे तागालिकच्या लक्षात आलं. 'मी'च्या जागी ती 'आम्ही' म्हणाली होती.

बूशारबाईंनी ते पाच रकाने पुन्हा वाचले. "तिसऱ्या रकान्यात शून्य लिहिता येईल," त्या म्हणाल्या. "अर्ज शून्य घेतो. पण वरचे लोक कारण विचारतील. आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. एक वर्ष काम बंद म्हटलं की तुमचं नाव यादीत खाली जाऊ शकतं. कदाचित या वर्षी मिळणारच नाही."

लीटियानं हे आपल्या भाषेत सांगितलं, पण मध्येच थांबून तिनं तोंड फिरवलं. उरलेलं तिनं भिंतीलाच सांगितलं.

"बंद कशाला?"

मोसेसी बोलला होता. आणि तो कौताकशी बोलला नव्हता. तो सरळ बहिणीशी बोलत होता.

"तळं बंद, मासळीघर कशाला बंद? तिसऱ्या हिवाळ्यात खाडीवर जाऊ. बर्फाला भोकं पाडून लांब दोर सोडायचे. खाली चपटा मासा आहे, हवा तेवढा. शेजारच्या वस्तीवाले दहा वर्षं तेच विकताहेत. खाडीचं खालचं टोक मला माहीत आहे, पाणी किती खोल आहे ते माहीत आहे. यंत्रांना काय, लाल मासा असो की चपटा, थंडच करायचा."

लीटिया त्याच्याकडे वळली. "आणि हे तू चार दिवसांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

"तू नाक मुरडून बाहेर गेलास! दार आपटून!"

"दार वाऱ्यानं आपटलं."

"वारा नव्हता त्या दिवशी!"

"आता हे सगळं मी सांगायचं का?" कौताकनं काळजीनं विचारलं. "फार लांब आहे."

पहिल्यांदा हसली ती लीटिया, मग मोसेसी. काय चाललंय ते न कळताही बूशारबाई हसल्या. तागालिक हसली नाही. तिच्या मांडीवर ते पान अजून होतं आणि हातात पेन होतं.

"हे सगळं छान," ती म्हणाली. "पण या नावावर मी रेघ मारणार नाही. त्यांचंच ऐकून शून्य लिहायचं आणि त्यांनाच खोडायचं? मग पुढच्या वेळी तळ्याच्या बाजूनं कोण बोलणार?"

बूशारबाईंनी चळत पुन्हा हातात घेतली. एकेक पान उलटत त्या शेवटाकडे गेल्या, परत आल्या, एका पानावर थांबल्या. तिथे वर एक ओळ होती आणि खाली मोकळी जागा. त्यांनी ते पान लीटियाला दाखवलं.

लीटियानं वाचलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "या कामाबाबत कुटुंबातल्या किंवा वस्तीतल्या कोणत्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला. नाव. सल्ला काय दिला. सही." तिनं वर पाहिलं. "हे मी रिकामंच सोडलं होतं. मला वाटलं, सक्तीचं नाही."

"इथे वय विचारलेलं नाही," बूशारबाई म्हणाल्या. "भागीदारांच्या यादीतून नाव काढावंच लागेल. त्याला माझा इलाज नाही. पण ते खोडायचं नाही. ते पान मी नव्यानं भरते, तीन नावांचं, आणि चौथं नाव इथे येतं. मी काही लपवणार नाही. खाली टीप लिहीन, ही व्यक्ती कोण आणि तिला वडीलधारी का म्हणायचं. माझ्या शब्दांत लिहीन. वाचून त्यांना काय वाटायचं ते वाटो."

तागालिकनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाबा इकडून उठून तिकडे बसणार?"

"हो."

"वरच्या जागेवर की खालच्या?"

लीटियानं विचारून सांगितलं, "वरच्या. ते पान अर्जात आधी येतं."

तागालिकनं पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या वर्षाच्या रकान्यातला आकडा खोडून लीटियानं तिथे शून्य लिहिलं. मोसेसीनं खाडी, दोर आणि चपटा मासा सांगितला, तो तिनं शेजारी लिहिला. मग तिनं पेन भावापुढे धरलं.

मोसेसीनं ते घेतलं नाही. "आधी आजोबा," तो म्हणाला. "मोठ्यांच्या आधी मी कशी करू?"

कौताकनं हात पार्क्याला पुसायला नेले, पण लीटिया ओरडायच्या आत तागालिकनं तिच्या हातात फडकं दिलं. पान जमिनीवर सरळ करून ठेवलं गेलं. कौताक पालथी झोपली, जीभ दातांच्या फटीत धरली आणि लिहू लागली. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं, आणि शेवटी वरच्या बाजूला ते लहानसं, ज्याची जागा चुकते म्हणून शाळेत तिला दोनदा परत लिहावं लागलं होतं. आज ते जिथे हवं तिथे बसलं.

"हे कसं काढायचं?" बूशारबाईंनी विचारलं. त्यांना टिपेत तिचं नाव त्याच अक्षरांत लिहायचं होतं. कौताकनं पुठ्ठ्याचा कोरा कोपरा फाडून त्यांना दिला. बाईंनी काढलं. दुसरं अक्षर उलटं झालं.

मोसेसीनं सही केली, बहिणीच्या डोक्यावरची टोपी जाता जाता डोळ्यांवर ओढली आणि जाळं बघायला निघून गेला. लीटियानं दार लागेपर्यंत वाट पाहिली.

"आई, ऑटावाला येते म्हणून नोआला अजून कळवलेलं नाही मी," ती म्हणाली. "ह्या कागदाचं उत्तर येईपर्यंत नाही कळवत. रविवारी त्याला थांब म्हणून सांगते." ती थोडी थांबली. "उत्तर नाही असं आलं, तर मात्र..."

"तर तेव्हाचं तेव्हा," तागालिक म्हणाली. ऑगस्ट होता तिथेच होता. तो कुणी खोडला नव्हता. पण आज तिला त्याच्याकडे बघता येत होतं.

तिनं चहा ओतला. पुठ्ठ्याशी बूशारबाईंनी पुन्हा नाव काढलं होतं, आणि कौताक त्यावर वाकून, एक डोळा मिटून तपासत होती. या वेळी शेवटचं लहान अक्षर चुकलं होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कौताकनं तो तुकडा घेतला, उलटा करून कोरी बाजू त्यांच्यापुढे ठेवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"पुन्हा," ती म्हणाली. "घाई नाही."

तागालिकच्या हातातली किटली पेल्यावर तशीच थांबली. पेला भरून चहा पुठ्ठ्यावर ओघळेपर्यंत तिच्या ते लक्षात आलं नाही.